चार महिन्यांची प्रगती: खासगी शाळेची फी सरकारने का भरावी?

१/ १९८५. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील नववीची एक विद्यार्थिनी. तिचे वाचन जेमतेम पाचवीच्या पातळीचे. सरकारी शाळेने तिच्यासाठी उद्दिष्ट ठरवले: संपूर्ण शैक्षणिक वर्षात चार महिन्यांइतकी प्रगती. आईवडिलांनी तिला खासगी शाळेत घातले आणि फीचा खर्च शाळा-मंडळाकडे मागितला. या वादाचा निकाल आठ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लागला. त्या निकालाचा आणि त्याच्या मागेपुढे घडलेल्या घटनांचा हा इतिहास. 🧵

२/ आज ज्या मुलांना 'न्यूरोडायव्हर्स' म्हटले जाते, त्यांना शाळेत घेण्याचे बंधन पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतील अनेक राज्यांत नव्हते. उलट, 'शिकण्यास अयोग्य' असा शिक्का मारून मूल नाकारण्याची मुभा तेथील कायद्यांतच होती. १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नोंदवले की देशात ८० लाखांहून अधिक अपंग मुले आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नव्हते आणि सुमारे १० लाख मुले सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर होती.

३/ ही स्थिती प्रथम न्यायालयांनी बदलली. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि राजधानी वॉशिंग्टन येथील खटल्यांत अपंग मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य झाला. राजधानीच्या शिक्षण मंडळाने पैसे नसल्याची सबब पुढे केली. मिल्स खटल्यातील न्यायाधीशांनी ती फेटाळली. निधी अपुरा असेल, तर त्या टंचाईचा भार अपंग मुलांवर इतरांपेक्षा अधिक पडता कामा नये, असे त्यांनी बजावले.

४/ २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि सुयोग्य सार्वजनिक शिक्षण मिळेल, त्यासाठी प्रत्येकाचा स्वतंत्र लेखी आराखडा तयार होईल आणि तो आराखडा अमान्य असल्यास पालकांना दाद मागता येईल, अशी तरतूद झाली. देशातील प्रतिविद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र सरकार उचलेल, असेही ठरले. तो आकडा आजतागायत गाठला गेलेला नाही. उरलेला भार राज्यांवर आणि स्थानिक शाळा-मंडळांवर आला. मंडळे प्रत्येक डॉलरसाठी न्यायालयात का झगडली, याचे एक उत्तर येथे सापडते.

५/ 'सुयोग्य' म्हणजे नेमके काय? १९८२ च्या राउली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा आखली. कायदा सर्वोत्तम शिक्षणाची हमी देत नाही. मुलाला शैक्षणिक लाभ व्हावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा लाभ किती असावा, हा प्रश्न मात्र पुढची ३५ वर्षे लोंबकळत राहिला.

६/ दरम्यान मॅसॅच्युसेट्समधील बर्लिंग्टन गावात दुसराच पेच उभा राहिला. एका मुलाच्या अडचणींचे मूळ भावनिक आहे, असे गावाचे शाळा-मंडळ म्हणत होते. ते मज्जासंस्थेशी निगडित आहे, असे तज्ज्ञ डॉक्टर सांगत होते. १९७९ मध्ये वडिलांनी मंडळाचा आराखडा नाकारला आणि स्वखर्चाने मुलाला विशेष शिक्षण देणाऱ्या खासगी शाळेत घातले. वाद मिटेपर्यंत मुलाने आहे त्याच शाळेत राहावे, असा नियम होता. तो मोडणाऱ्या पालकांचा पैशावरचा हक्क संपतो, असा मंडळाचा दावा होता.

७/ २९ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा दावा फेटाळला. निकालपत्र न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचे होते. दाद मागण्याची प्रक्रिया संथ असते आणि अंतिम निर्णय येईपर्यंत ते शैक्षणिक वर्ष कधीच सरलेले असते, हे त्यांनी मान्य केले. मंडळाचा आराखडा अयोग्य आणि पालकांनी निवडलेली शाळा योग्य ठरली, तर मंडळाने जो खर्च मुळातच करायला हवा होता तोच उशिराने करायचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सोबत एक इशाराही होता: खटला हरल्यास सारा भुर्दंड पालकांचा.

८/ या निकालानंतर पाचच महिन्यांत शॅनन कार्टर खासगी शाळेत दाखल झाली. प्रारंभी उल्लेख झालेली विद्यार्थिनी ती हीच. सातवीत असताना तिची तपासणी झाली होती. तेव्हा अध्ययन-अक्षमतेचे निदान झाले नाही. मुलगी मंदगतीने शिकणारी आणि आळशी असल्याचे ठरवण्यात आले. नववीत खरे निदान झाले. तरीही फ्लॉरेन्स काउंटीच्या शाळा-मंडळाने तिला नेहमीच्याच वर्गात ठेवून आठवड्याला केवळ तीन तासिकांचे स्वतंत्र शिक्षण देऊ केले.

९/ आराखड्यातील आकडे बोलके होते. वर्षभरात वाचनाची पातळी ५.४ वरून ५.८ आणि गणिताची ६.४ वरून ६.८ इयत्तेपर्यंत न्यायची होती. या गतीने मुलगी दरवर्षी वर्गमित्रांच्या आणखी मागे पडली असती. आईवडिलांनी चार्ल्सटनजवळील ट्रायडेंट अकॅडमी निवडली. तेथे एका शिक्षकाकडे मोजकेच विद्यार्थी असत आणि दर तिमाहीला मूल्यमापन होई. तीन वर्षांत शॅननचे वाचन तीन इयत्तांनी पुढे गेले. १९८८ च्या वसंतात ती पदवीधारक होऊन शाळेतून बाहेर पडली.

१०/ खटला मात्र सुरूच होता. ट्रायडेंटला राज्याची मान्यता नाही, तेथील सर्व शिक्षकांकडे राज्याचे प्रमाणपत्र नाही, कायद्याच्या नमुन्यातील आराखडेही ती शाळा करत नाही. मग सरकारी पैसा का द्यावा, असा मंडळाचा सवाल होता. हा सवाल पोकळ नव्हता. न्यूयॉर्कच्या अशाच एका प्रकरणात संघीय अपील न्यायालयाने १९८९ मध्ये मान्यता नसलेल्या शाळेचा खर्च नाकारला होता.

११/ ९ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनी एकमताचा निकाल दिला. सरकारी यंत्रणा चुकली म्हणूनच पालक दुसरी शाळा शोधतात. मग त्याच यंत्रणेची मान्यता त्या शाळेला हवी, हा आग्रह तर्काला धरून नाही, असा त्याचा आशय. भुर्दंड टाळायचा असेल तर मंडळाने मुलाला आपल्या शाळेत योग्य शिक्षण द्यावे, नाहीतर स्वतःहून योग्य खासगी शाळेत पाठवावे. मात्र खर्च अवाजवी असल्यास पूर्ण परतावा मिळणार नाही. कार्टर कुटुंबाला ३५ हजार डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर झाली. शॅननने शाळा सोडून तेव्हा पाच वर्षे लोटली होती.

१२/ हक्क सिद्ध झाला, पण त्याचा लाभ घेण्यासाठी आधी पदरचे पैसे मोजणे आणि वर्षानुवर्षे थांबणे भाग होते. पुढच्या निकालांनी ही वाट अधिक खडतर केली. आराखडा अयोग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी दाद मागणाऱ्यावर, म्हणजे बहुधा पालकांवर, असे २००५ मध्ये ठरले. पालक जिंकले तरी तज्ज्ञांचे शुल्क त्यांना परत मिळणार नाही, असे २००६ मध्ये ठरले. २००७ मध्ये ओहायोतील एका स्वमग्न मुलाच्या आईवडिलांमुळे थोडा दिलासा मिळाला: वकील परवडत नसल्यास पालकांना संघीय न्यायालयात स्वतः बाजू मांडता येऊ लागली.

१३/ सरकारी शाळा एकदाही न अनुभवता थेट खासगी शाळेची फी मागता येते का, हा वाद त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेला. पालक होते वायाकॉम या बलाढ्य माध्यम कंपनीचे माजी प्रमुख टॉम फ्रेस्टन. न्यायमूर्तींची मते ४-४ अशी विभागली गेली आणि खालचा निकाल कायम राहिला. श्रीमंतांच्या शाळांची बिले करदात्यांनी का भरावीत, हा प्रश्न यानंतर उघडपणे विचारला जाऊ लागला.

१४/ त्याचे उत्तर २००९ च्या फॉरेस्ट ग्रोव्ह खटल्यात आले. ओरेगॉनमधील एका किशोराला विशेष शिक्षणाची गरज नाही, असे मंडळाने ठरवले होते. पुढे त्याला एडीएचडी असल्याचे निष्पन्न झाले. पालकांनी त्याला महिना ५,२०० डॉलर फी असलेल्या निवासी शाळेत ठेवले. मंडळानेच गरज नाकारली असेल, तर विशेष शिक्षण आधी घेतले नाही हे कारण पुढे करून परतावा अडवता येणार नाही, असा निर्णय ६-३ मतांनी झाला. कायद्याला आधी सरकारी शाळेचा प्रयत्न अपेक्षित आहे, असे न्यायमूर्ती सूटर यांनी विरोधी मतात मांडले.

१५/ तरीही या कुटुंबाला पैसे मिळाले नाहीत! फेरसुनावणीत न्यायालयाने मानले की शाळेची निवड शिक्षणापेक्षा व्यसन आणि वर्तनाच्या कारणांनी झाली होती. २०११ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम केले. त्या मुलाच्या नावाचा नियम देशभर लागू झाला. त्याच्या घरात मात्र एक डॉलरही आला नाही.

१६/ 'लाभ किती' या जुन्या प्रश्नाची तड २०१७ मध्ये लागली. कोलोरॅडोतील स्वमग्न मुलगा एन्ड्रू याच्या खटल्यात सर न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एकमताने सांगितले की नाममात्र प्रगती पुरेशी नाही. मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती साधणारा आराखडा हवा. २०१८ मध्ये मंडळाने शिक्षण आणि कायदेशीर खर्चापोटी १३ लाख डॉलर देऊन वाद मिटवला. एन्ड्रूने सरकारी शाळा सोडली होती २०१० मध्ये.

१७/ ज्यांच्याकडे आगाऊ भरायला पैसेच नाहीत त्यांचे काय? न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले की अशा कुटुंबांसाठी मंडळाला थेट शाळेकडे पैसे भरण्याचा आदेश देता येतो. पण त्यासाठीही अशी शाळा शोधावी लागते, जी फी न घेता मुलाला प्रवेश देईल आणि निकालाची वाट पाहील. न्यूयॉर्क शहरात या दाव्यांना आजही 'कार्टर केसेस' म्हणतात आणि त्यांवर दरवर्षी कोट्यवधी डॉलर खर्च होतात.

१८/ बर्लिंग्टनचा निकाल सहा वर्षांनी, कार्टरचा आठ वर्षांनी, एन्ड्रूचा पैसा आठ वर्षांनी. न्यायालयांनी फी परत मिळवून दिली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी वाचायला शिकण्याची वेळ परत मिळवून देणे त्यांच्या हाती नव्हते. ज्या पालकांनी निकालाआधी पैसे उभे केले, त्यांच्या मुलांची ती वर्षे वाचली. ज्यांना ते जमले नाही, त्यांच्या मुलांची नावे कोणत्याही निकालपत्रात सापडत नाहीत.