नाव तेच, धनी दुसरा : ‘इव्हेंट-स्ट्रीम’ प्रकरण

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि गावास फतेहखेर्डा हे नाव दिले. (लोकांनी मात्र जुनेच टिकविले.) सत्तांतराची खूण तेथे नावातच उमटली. जावास्क्रिप्टच्या पॅकेजांत नेमके उलटे घडते : धनी बदलतो, नाव तसेच राहते.

‘इव्हेंट-स्ट्रीम’चा स्वतःस उपयोग उरला नाही म्हणून मूळ कर्त्याने २०१८ मध्ये ते एका अपरिचित स्वयंसेवकाच्या स्वाधीन केले. सप्टेंबरात त्याने ३.३.६ या आवृत्तीस ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ हे दुसरे पॅकेज जोडले; घातक कोड पुढे त्यात दडविला गेला. हा कोड सर्वत्र जागा होत नसे. ‘कोपे’ या बिटकॉइन-पाकिटाची बांधणी चालू असली, तरच तो तयार होणाऱ्या प्रतीत शिरे.

आवृत्तीच्या अंकाआधी कॅरेटचे चिन्ह असले की त्याच मालिकेतील पुढील आवृत्ती आपोआप स्वीकारली जाते, ३.३.६ ही अनेक ठिकाणी याच वाटेने आली. एनपीएमची ‘ऑडिट’ आज्ञा त्याच वर्षी सुरू झाली होती. परंतु ती ज्ञात दोषांच्या यादीशीच ताडून पाहते. लॉक-फाइलमध्ये जुनी आवृत्ती पक्की केलेले प्रकल्प वाचले.

तथापि यावरून अद्ययावतीकरण टाळावे, असा निष्कर्ष काढणे सर्वथा अनुचित होय. नोव्हेंबरात हे बिंग फुटले, ते नोडच्या नव्या आवृत्तीमुळे. गूढलेख उलगडण्याचे एक कालबाह्य फंक्शन वापरले जात आहे, एवढाच इशारा तिने दिला होता; जुन्या नोडवर तोही उमटला नसता.