बिस्किटाची बखर

बखरीवर विश्वास ठेवावा की अस्सल कागदावर, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड काढावयास सुरुवात केली आणि बखरकारांना कागदांच्या साक्षीपुढे उभे केले. बखर रंगतदार असते, ऐकायला गोड लागते. पण समकालीन पत्राचा एखादा चिटोरा समोर आला की तिची पुष्कळशी नक्षी गळून पडते. आज हीच कसोटी मी एका बिस्किटाला लावणार आहे. हसू नका! ज्या वस्तूने जगातील कोट्यवधी मुलांचे हात चिकट केले, तिलाही इतिहास असतो. आणि त्या इतिहासात कोणावर तरी अन्याय झालेला असू शकतो.

हे बिस्किट म्हणजे अमेरिकेतील घरोघरी भाजली जाणारी चॉकलेटच्या तुकड्यांची कुकी. आपण जी चेरी घातलेली कुकी हल्ली मुलांच्या वाढदिवसाला घरी करू लागलो आहोत, ती या कुकीचीच धाकटी बहीण. कडा कुरकुरीत, मध्ये किंचित मऊ, दाताखाली चॉकलेटचा खडा आणि त्याच्या शेजारी चेरीचा आंबटपणा. या कुकीची बखर अशी सांगतात: मॅसॅच्युसेट्स संस्थानात व्हिटमन नावाच्या गावी ‘टोल हाउस इन’ हे उपाहारगृह होते. एके दिवशी मालकीणबाई बिस्किटे करायला बसल्या, तो वितळवून घालायचे चॉकलेट संपलेले. बाईंनी साध्या चॉकलेटच्या वडीचे तुकडे केले आणि पिठात टाकले. मनात म्हणाल्या, भट्टीत विरघळून सगळीकडे पसरेल. पसरले नाही. तुकडे जिथल्या तिथेच राहिले, आणि जगाला नवे बिस्किट मिळाले! दुसरी बखर म्हणते, अक्रोड-बदाम संपले म्हणून चॉकलेट घातले. तिसरी तर बाईंचा हातही लागू देत नाही. पीठ मळणाऱ्या यंत्राच्या हादऱ्याने फळीवरचे चॉकलेट आपोआप खाली पडले म्हणे!

तीन बखरी, आणि तिन्हींचे तात्पर्य एकच: हे सारे चुकून झाले. आता कागद काय म्हणतात ते पाहू.

या बाईंचे नाव रूथ ग्रेव्ह्‌ज वेकफील्ड. जन्म १९०३ चा. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅमच्या शिक्षणसंस्थेतून गृहशास्त्राचा अभ्यास पुरा करून त्या १९२४ साली बाहेर पडल्या. आहारतज्ज्ञ म्हणून काम केले, अन्नशास्त्रावर व्याख्याने दिली. १९३० साली, म्हणजे अमेरिकेत महामंदीने घरेदारे बसत होती त्या काळात, पती केनेथ यांच्याबरोबर त्यांनी व्हिटमनमधील ते जुने घर घेतले आणि उपाहारगृह थाटले. मंदीत धंदा उभा करणारी, मापाने आणि हिशेबाने स्वयंपाक शिकलेली ही बाई. चॉकलेट एकजीव करायचे तर ते आधी वितळवून घ्यावे लागते, हे तिला ठाऊक नव्हते असे मानायला बखरकाराचीच श्रद्धा हवी.

आणखी एक कागद आहे, आणि तो निर्णायक आहे. वेकफील्डबाईंच्या पाकपुस्तकाच्या १९३८ च्या आवृत्तीत ही कृती ‘टोल हाउस चॉकलेट क्रंच कुकी’ या नावाने छापलेली आहे. तीत लोणी एक कप, पांढरी साखर पाऊण कप आणि तपकिरी साखर पाऊण कप, अंडी दोन, मैदा सव्वादोन कप, मीठ एक चमचा, आणि खायचा सोडा एक चमचा, तोही चमचाभर गरम पाण्यात कालवून. त्याशिवाय कपभर अक्रोडासारखा सुका मेवा, व्हॅनिला, आणि अर्धगोड चॉकलेटच्या दोन वड्या. या वड्यांचे तुकडे केवढे करावेत? वाटाण्याएवढे. ३७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले सुमारे १९० अंश सेल्सिअस, उष्णतेवर १० ते १२ मिनिटे भाजावे. यातून १०० बिस्किटे होतात.

‘वाटाण्याएवढे’ हा शब्द नीट लक्षात घ्या. ज्याला चॉकलेट विरघळवायचे आहे तो ते किसतो. ज्याला ते खड्याच्या रूपात दाताखाली यायला हवे तो वाटाण्याएवढे कापतो. शिवाय सुका मेवाही यादीत आहेच. म्हणजे तो संपला म्हणून चॉकलेट आले, ही बखरही गेली. पुढे उतारवयात खुद्द बाईंनीच सांगितले, की आइस्क्रीमबरोबर द्यायचे एक पातळ, मेवा घातलेले बिस्किट त्यांच्याकडे लोकप्रिय होते आणि गिऱ्हाइकांना काहीतरी निराळे द्यावे म्हणून त्यांनी मुद्दाम हा प्रयोग केला. थोडक्यात, प्रयोग होता; अपघात नव्हता.

मग चॉकलेट पसरले का नाही? त्यात चमत्कार नाही. चॉकलेटमधील कोकोचे लोणी साधारण ३४ अंशांना, आपल्या अंगाच्या उष्णतेच्याही जरा खालीच, वितळते. म्हणून तर ते जिभेवर विरघळते. भट्टीत ते मऊ होतेच. पण तुकड्यात पाणी जवळजवळ नसते, भोवतालचे पीठ तोवर आवळून येते, आणि मऊ झालेला तुकडा आपली जागा सोडत नाही. निवल्यावर पुन्हा घट्ट होतो. गृहशास्त्र शिकलेल्या बाईने हे ताडले यात नवल ते काय?

आता जरा मागे जाऊ. कारण कोणतीही नवी वस्तू आकाशातून पडत नाही. तिच्यामागे पुष्कळांची पुण्याई असते. ‘कुकी’ हा शब्दच मुळी इंग्रजांचा नव्हे. न्यूयॉर्क हे १६६४ पर्यंत डच लोकांचे न्यू ॲमस्टरडॅम होते. त्यांच्या भाषेत लहान केकला ‘कुक्ये’ म्हणत; तोच शब्द अमेरिकेत राहिला. १७९६ साली हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स या बाईंचे पाकपुस्तक छापले गेले. अमेरिकन लेखकाने लिहून अमेरिकेतच छापलेले ते पहिले पाकपुस्तक. मुखपृष्ठावर तिने स्वतःची ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी करून दिली आहे. तिच्या पुस्तकात कुकी आहे आणि पीठ फुगवायला लाकडाच्या राखेतून काढलेला शुद्ध क्षार आहे. हा क्षार तेव्हा इतका मोलाचा होता, की अमेरिकेच्या सरकारने दिलेले पहिलेच पेटंट, १७९० सालचे, तो तयार करण्याच्या रीतीला मिळाले. आपल्याकडे पापडखार असतो, त्याच कुळातला हा. १८४६ पासून त्याची जागा घेणारा खायचा सोडा तिथे व्यापारी प्रमाणावर विकला जाऊ लागला. तपकिरी साखरेत काकवीचा अंश असतो, तो किंचित आंबट. त्याची आणि सोड्याची गाठ पडली की बुडबुडे उठतात आणि बिस्किट हलके होते.

चॉकलेटचा प्रवास तर याहून लांबचा. मध्य अमेरिकेत ते हजारो वर्षे पेय होते. १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन यांच्या घाणीने कोकोतील लोणी वेगळे काढता येऊ लागले, आणि १८४७ साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी खायची वडी बनवली. त्याच्या किती तरी आधी, १७६५ साली, बोस्टनजवळ डॉर्चेस्टर येथे नदीच्या पाण्यावर चालणारी चॉकलेटची गिरणी सुरू झालेली होती. तिच्या मालकाचे आडनाव बेकर. त्यामुळे ‘बेकर्स चॉकलेट’ म्हणजे बेकरीवाल्यांचे चॉकलेट, ही समजूतही एक बखरच! आणि त्याच बोस्टनमध्ये १८९६ साली फॅनी फार्मर यांनी आपल्या पाकपुस्तकात ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजाने’ यांना रजा दिली. कप काठोकाठ भरा, वरून सुरी फिरवून सपाट करा, मगच ओता. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे नेमके माप घरोघर पोहोचवले, तसेच हे. अशा मापाच्या शाळेत रूथबाई वाढल्या, हे विसरू नये.

पुढे काय झाले? कुकीचे नाव रेडिओवरून गाजले. ‘बेटी क्रॉकर’ या नावाने चालणाऱ्या पाककृतींच्या कार्यक्रमातही ती आली. गंमत अशी, की ही बेटी क्रॉकर कधी जन्मालाच आली नव्हती. एका पीठ कंपनीने १९२१ साली कल्पिलेले ते पात्र होते. नसलेली बाई घराघरांत थोर स्वयंपाकीण म्हणून मान्यता पावली, आणि असलेल्या बाईचे कर्तृत्व ‘चुकून झालं’ या दोन शब्दांत गुंडाळले गेले!

नेस्ले कंपनीच्या चॉकलेटच्या वड्या एकाएकी खपू लागल्या, तेव्हा कंपनीने आधी वडीवर तुकड्यांच्या रेघा पाडल्या, सोबत ती तोडायचे छोटे हत्यार दिले; आणि १९३९ च्या सुमारास तयार तुकडेच पाकिटात भरून विकायला आणले. कृती छापण्याचा हक्क बाईंनी कंपनीला दिला. मोबदला एक डॉलर, असे सांगतात. शिवाय सल्लागाराचे काम आणि जन्मभर पुरेल तेवढे चॉकलेट. पाकिटावर उपाहारगृहाचे नाव आले. दुसऱ्या महायुद्धात घराघरांतून सैनिकांना कुकीचे डबे जाऊ लागले. दिवाळीत आपल्याकडून जवानांना फराळ जातो ना, तसेच. डब्यातल्या चार कुक्या शेजारच्या बराकीत वाटल्या गेल्या, आणि मॅसॅच्युसेट्सची चव सगळ्या देशाची झाली. बाई १९७७ साली वारल्या. १९८४ सालच्या शेवटच्या रात्री टोल हाउसची इमारत आगीत जळाली. १९९७ साली त्या संस्थानाने या कुकीला आपली अधिकृत कुकी म्हणून मान दिला.

आता चेरीकडे वळू. चेरीचे गोड आणि आंबट असे दोन घराणे. भट्टीत घालायची ती आंबट. अमेरिकेत तिचे माहेर म्हणजे मिशिगन. तेथे १८५२ साली पीटर डॉहर्टी या पाद्र्याने लावलेली झाडे फळली आणि पुढे त्या प्रदेशात बागाच बागा झाल्या. ही चेरी वाळवून घालावी. ओल्या चेरीचा रस पिठात उतरतो आणि सोड्याशी गाठ पडली, की लाल रंग निळसर-करडा होतो. हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे आपण जाणतो; हा त्याच जातीचा खेळ, फक्त रंग उलट दिशेला जातो. म्हणून वाळलेली चेरी बारीक चिरावी, मैद्यात घोळवावी आणि अगदी शेवटी हलक्या हाताने मिसळावी.

आणि आपल्या बेकरीत केकवर बसलेली ती लालचुटूक ‘चेरी’? ती पुष्कळदा चेरी नसतेच. आपल्याच डोंगरातले करवंद ते! बी काढून, पाकात मुरवून, रंग देऊन ते चेरीच्या नावाने मिरवते. यात मला तरी करवंदाचा कमीपणा वाटत नाही. उलट सह्याद्रीचे फळ परक्या वेषात केवढी मजल मारते याचे कौतुकच वाटते. कुकीत ते घालायचे झाले तर पाक निथळून, कोरडे करून घालावे, इतकेच.

भट्टीचे म्हणाल, तर आपल्याकडील बिस्किटाची परंपरा काही लहान नाही. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे, नानकटाईच्या पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि गरम डबा घेऊन घरी यायचे, हे किती तरी गावांनी पाहिले आहे. ज्यांना बेकरी जवळ नव्हती त्या बायकांनी पातेल्यात वाळू तापवली, झाकणावर निखारे ठेवले आणि खाली-वर आच देऊन तोच पदार्थ साधला. त्यांनीही प्रयोगच केले. आच किती, वाळू केवढी, झाकण केव्हा उचलायचे, हे कोणी तरी दहा वेळा पारखून ठरवले असणार. पण त्यांचे नाव कोणत्या पुस्तकात आहे? वेकफील्डबाईंचे निदान पुस्तक होते. म्हणून बखर खोडून काढता आली. ‘वाटाण्याएवढे’ हा एक शब्द छापलेला नसता, तर बाईंच्या बुद्धीचा पुरावा कायमचा गेला असता.

म्हणून वाचकहो, एवढेच सांगणे. या सुट्टीत कुकी करा, चेरी घाला नाही तर करवंद. पण त्याच बैठकीत घरातल्या आजीला, आत्याला, काकूला तिच्या हातच्या एखाद्या पदार्थाचे माप विचारा. ‘अंदाजाने’ म्हणाली तर तिच्यासमोर वाटी धरा आणि मोजा. कागदावर उतरवा, खाली तिचे नाव घाला, तारीख घाला. तो कागद म्हणजे इतिहासाचे साधन आहे. पुढे कोणी ‘चुकून झालं’ म्हणू लागला, तर तिच्या बाजूने साक्ष द्यायला तोच उपयोगी पडेल.