२९ नोव्हेंबर १९४८ : सभागृहातला एक दिवस

संविधानाविषयी बोलताना २६ नोव्हेंबर आणि २६ जानेवारी या दोन तारखा सर्वांच्या तोंडी असतात. २९ नोव्हेंबर १९४८ ही तारीख मात्र चळवळीतल्या कार्यकर्त्यांनाही सहसा आठवत नाही. त्या दिवशी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले. मसुद्यात त्याचा क्रमांक ११ होता, पुढे तो १७ झाला.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पदवीपर्यंत पोचलेला आमच्या घरातला मी पहिलाच. हे कलम शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात की, अस्पृश्यता म्हणजे नेमके काय हे संविधानात कुठे लिहिले आहे? कुठेच लिहिलेले नाही. हाच प्रश्न त्या दिवशी सभागृहातही उपस्थित झाला होता. म्हणून त्या दिवसाचे कामकाज मुळातून वाचले पाहिजे.

अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी होते. त्या दिवशी आधी मसुद्याचे कलम ९, म्हणजे आजचे कलम १५, चर्चेला आले. धर्म, वंश, जात, लिंग यांवरून भेदभाव करू नये आणि दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले असावेत, असे हे कलम. यातल्या 'तलाव' या शब्दामागे १९२७ चे महाड उभे आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

या कलमावर सदस्यांनी बारीकसारीक शंका काढल्या आणि बाबासाहेबांनी त्यांना सविस्तर उत्तरे दिली. 'दुकान' शब्दाचा अर्थ काय? बाबासाहेब म्हणाले की, मोबदला देणाऱ्या कोणालाही जिथे सेवा द्यायची तयारी असते ते दुकान. त्यात धोब्याचे दुकान आले, केशकर्तनालय आले. आणि हक्क नुसता उंबरठा ओलांडण्याचा नाही, सेवा मिळवण्याचाही आहे. माझ्या आजोबांचे केस वस्तीतलाच एक भाऊबंद कापत असे, कारण गावातला वस्तरा आमच्या डोक्याला लागत नव्हता. ज्यांनी असे दिवस काढले, त्यांना या एका खुलाशाचे मोल कळेल.

नागप्पा यांना स्मशानभूमीचे काय, हे हवे होते. सार्वजनिक पैशातून चालणारी स्मशानभूमी या कलमात येते, असे उत्तर मिळाले. जिथे सार्वजनिक स्मशानभूमीच नाही, तिथे मात्र कोणाचाच हक्क सांगता येणार नाही, हेही बाबासाहेबांनी स्पष्ट केले. मढे कोणत्या वाटेने न्यायचे यावरून ज्यांच्या गावात आजही तंटे होतात, त्यांना नागप्पांची शंका क्षुल्लक वाटणार नाही.

प्रा. के. टी. शहा यांनी सुचवले की, स्त्रिया व मुलांप्रमाणे अनुसूचित जातींसाठीही खास तरतुदीची मुभा याच कलमात असावी. हेतू चांगला होता, तरी बाबासाहेबांनी नकार दिला आणि कारणही सांगितले. उद्या एखादे राज्य म्हणेल, गावात सर्वांची शाळा असली तरी तुमच्यासाठी ही वेगळी शाळा. वेगळे काढण्याचे निमित्त कायद्यानेच पुरवावे, हे त्यांना नको होते.

मग कलम ११ आले. नझीरुद्दीन अहमद यांचे म्हणणे असे की, अस्पृश्यता या शब्दाला कायद्यात अर्थच नाही. साथीच्या रोगाचा रोगीही अस्पृश्य, काही अन्नपदार्थही अस्पृश्य. म्हणून धर्म किंवा जात यांच्यावरून कोणाला अस्पृश्य मानू नये, अशी शब्दरचना करा. मुनिस्वामी पिल्लई, मनमोहन दास यांनी कलमाला पाठिंबा दिला. सभेतल्या एकमेव दलित स्त्री दाक्षायणी वेलायुधन यांनी सांगितले की, मसुदा समितीचे अध्यक्षच अस्पृश्य समाजातले असताना या कलमाशिवाय संविधानाची अपेक्षाच करता येत नाही. संविधानाचे यश लोक पुढे कसे वागतील यावर अवलंबून राहील, हेही त्यांनी बजावले.

शहा पुन्हा उठले. शब्दाची व्याख्या नाही, वकील याचा फायदा उठवतील, असे ते म्हणाले. ठराविक काळात स्त्रियांनाही शिवत नाहीत, अंत्यविधीनंतर घरच्यांनाही शिवत नाहीत, मग तेही यात येते काय? बाबासाहेबांनी अहमद यांची दुरुस्ती नाकारली. शहांना उत्तर देणार का, असे उपाध्यक्षांनी विचारले. त्यावर बाबासाहेब एवढेच म्हणाले, 'नाही.'

कलम संमत झाले. महात्मा गांधींच्या नावाचा जयजयकार झाला, अशी नोंद इतिवृत्तात आहे. गांधीहत्येला दहा महिनेच झाले होते, सभागृहाची भावना समजू शकते. पण कलम मांडणारा माणूस समोर बसला होता. ज्यांनी तळ्याचे पाणी घेतले म्हणून डोकी फोडून घेतली, त्यांच्या नावाची घोषणा नोंदीत नाही. इतिहास लिहिताना घोषणा कोणाच्या आणि घाव कोणाचे, हे दोन्ही पाहावे लागते.

आता त्या 'नाही'कडे वळू. बाबासाहेबांनी कारण दिले नाही, म्हणून मी जे म्हणतो ते माझे अनुमान आहे. त्याच दिवशी 'दुकान' शब्दाचा अर्थ तपशिलात सांगणारा कायदेपंडित अस्पृश्यतेची व्याख्या करू शकत नव्हता, असे कोण म्हणेल? दुकानाचा अर्थ सांगितल्याने हक्क वाढत होता. अस्पृश्यतेची व्याख्या केली असती तर हक्क आकसला असता. जात रोज नवी रूपे घेते. विहीर खुली झाली की वेगळा पेला येतो, पेला गेला की भाड्याची खोली मिळत नाही. व्याख्येच्या चौकटीत जे बसले नसते, ते सर्व सुटले असते.

पुढचा कायदाही याच वाटेने गेला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात व्याख्या नाही. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, तेव्हाही ती आली नाही. त्याऐवजी कलम १२ आहे. या कायद्याखालचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे.

शहांची शंका मात्र फोल ठरली नाही. पुढे म्हैसूर उच्च न्यायालयाने कलम १७ मधल्या शब्दाभोवतीच्या अवतरणचिन्हांवर बोट ठेवून त्याचा अर्थ इतिहासात घडलेल्या जातीय प्रथेपुरता घेतला. २०१८ मध्ये शबरीमला खटल्यात न्या. चंद्रचूड यांनी मासिक पाळीवरून स्त्रियांना दूर ठेवणे हेही अस्पृश्यतेचेच रूप मानले, तर न्या. इंदू मल्होत्रा यांनी ते मानले नाही. सत्तर वर्षांनी तोच वाद, तेच इतिवृत्त पुढ्यात घेऊन.

आपल्या कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. तक्रार नोंदवायला गेल्यावर 'यात अस्पृश्यता कुठे आहे, दाखवा' असे ऐकवले जाते. ते दाखवण्याचे ओझे कायद्याने आपल्यावर टाकलेले नाही. घटना, जागा, वेळ आणि साक्षीदार नीट लिहून द्यावेत आणि कलम १२ समोर ठेवावे. आपल्या अभ्यासशिबिरांतून २९ नोव्हेंबरचे कामकाज मराठीतून वाचले गेले, तर हे बळ वस्तीवस्तीत पोचेल.