परतलेली मुले आणि हरवलेली मातृभाषा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुलांना सुरक्षित स्थळी हलविण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले. फिनलंडमधील प्रयत्नाची विशेष दखल घ्यावी लागते, ती त्याच्या उत्तरार्धासाठी.

सोव्हिएत युनियनने ३० नोव्हेंबर १९३९ रोजी फिनलंडवर आक्रमण केले. तेव्हापासून १९४४ पर्यंत सुमारे ७०,००० मुले, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून, शेजारी देशांत पाठविण्यात आली. बहुसंख्य मुले स्वीडनमधील कुटुंबांत राहिली, तर काही डेन्मार्कला गेली. हे दत्तकविधान नव्हते. युद्ध संपताच मूल परत करावयाचे, हे गृहीतच होते.

परंतु मुलाचे मन असे थांबून राहत नाही. चार-पाच वर्षांचे मूल वर्षभरात स्वीडिश बोलू लागे आणि मातृभाषा विसरे. फिनिश भाषा उराल कुलातील, तर स्वीडिश जर्मानिक कुलातील. (फिनलंडमधील स्वीडिशभाषक घरांतल्या मुलांपुढे अर्थातच ही अडचण नव्हती.) घरून आलेली फिनिश पत्रे यजमान कुटुंबाला सहसा वाचता येत नसत; म्हणजे मुलाचा स्वभाषेशी उरलेला धागाही तुटे. युद्धोत्तर काळात ही मुले परतली, तेव्हा अनेकांना आईचे बोलणे कळेना, आईला त्यांचे. स्वीडिशमध्ये आईला 'मम्मा' म्हणतात, फिनिशमध्ये 'आइती'. मुलाच्या लेखी हे एकाच नात्याचे दोन शब्द राहिले नव्हते, त्या दोन वेगळ्या स्त्रिया होत्या. क्लाउस हारो यांच्या २००५ च्या 'माझी आई' या आशयाच्या शीर्षकाच्या चित्रपटाचा विषयही हाच आहे.

घरही पूर्वीचे नव्हते. कारेलिया प्रांत गेल्याने चार लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले होते. कित्येकांचे वडील आघाडीवर मारले गेले होते, अन्नधान्य रेशनवर होते. हजारो मुले स्वीडनमध्येच राहिली.

यात सांभाळणाऱ्यांना दोष देता येणार नाही, आणि संकटात मूल पाठविणाऱ्या आईला तर मुळीच नाही. उणीव व्यवस्थेत होती. परतणे म्हणजे आगगाडी व जहाजाचा प्रवास, एवढाच तिचा हिशेब होता. आधी पुन्हा ओळख घडवावी, घरची भाषा मुलाच्या कानावर पडत राहावी, सांभाळणाऱ्या कुटुंबाशी नंतरही पत्रव्यवहार चालू ठेवावा, याला त्या हिशेबात फारसे स्थान नव्हते. १९९० च्या दशकात, साठीकडे झुकलेल्या या मुलांनी दोन्ही देशांत आपले संघ उभारले, आणि आठवणी लिहून काढण्यास प्रारंभ केला. काहींनी फिनिशमध्ये, काहींनी स्वीडिशमध्ये.