पांजरापोळ : एका दंगलीतून उभे राहिलेले दान

कांजूरमार्ग स्थानकातून पूर्वेला गेले की वस्ती संपते, द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो आणि पुढे मिठागरे, तिवरे व ठाण्याची खाडी लागते. हिवाळ्यात या खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. नेमक्या त्याच दिवसांत उपनगरांतील गच्च्यांवर पतंग चढतात. संक्रांत हा दानाचा सण, गायीला चारा घालण्याचा, तिळगूळ वाटण्याचा. आणि त्याच दिवशी काच लावलेल्या मांजाने पक्ष्यांचे पंख कापले जातात. दया आणि इजा एकाच तिथीला कशा नांदतात, हे समजून घ्यायचे तर मुंबईचा एक जुना अध्याय उघडावा लागतो.

त्याची खूण फार दूर नाही. पूर्व मुक्त मार्ग चेंबूरला जेथे येतो, त्या परिसराचे नाव पांजरापोळ. नाव रोज कानावर पडते, अर्थ क्वचितच कोणी विचारतो. पांजरा म्हणजे पिंजरा आणि पोळ म्हणजे गुजरातीत आवार किंवा बंदिस्त गल्ली. भाकड, म्हाताऱ्या, जखमी जनावरांना मरेपर्यंत सांभाळण्याची ही जागा. चेंबूरचे पांजरापोळ ही शाखा. मूळ संस्था भुलेश्वरची. आणि तिच्या जन्मामागे गाय नव्हे, कुत्रा आहे.

१८१३च्या एका नियमानुसार मुंबईत उन्हाळ्याच्या ठरावीक आठवड्यांत भटकी कुत्री मारण्यास परवानगी होती. पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय हे त्यामागचे कारण. १८३२मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. इनाम आले की निवड संपते : पिसाळलेले कोणते आणि दारातले, घरातले कोणते, हा भेद शिपायांना महाग पडू लागला. घरांत शिरून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या.

झरथुश्त्री धर्मात कुत्र्याचे स्थान मोठे आहे. अंत्यविधीत मृताला कुत्र्याच्या नजरेसमोर आणण्याचा ‘सगदीद’ हा संस्कार त्यांच्यात आहे. ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोट भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर जैन आणि वैष्णव व्यापारीही उतरले, कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद तुंबली. अखेर सैन्य बोलावून धरपकड करण्यात आली.

मुंबईच्या इतिहासातील हा पहिला मोठा संप कुत्र्यांसाठी झाला, असे कौतुकाने सांगितले जाते. कौतुक योग्यच; पण त्याहून महत्त्वाचे ते पुढे घडले. दंगल दोन दिवसांत शमली, कुत्री मात्र रस्त्यावरच राहिली. त्यांना मारायचे नाही, तर ठेवायचे कोठे आणि खाऊ घालायचे कोणी?

उत्तर दोन व्यापाऱ्यांनी दिले. जमशेटजी जीजीभाई (तेव्हा ते ‘सर’ झालेले नव्हते, तो किताब १८४२चा) आणि जैन समाजातील शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबई पांजरापोळाची स्थापना झाली. दोघांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, म्हणजे कापसाइतकीच अफूचीही. दूर कँटनमध्ये माणसांना झिंगवणाऱ्या पैशातून भुलेश्वरात जनावरांना चारा मिळाला, हे या कथेत झाकून ठेवण्याचे कारण नाही.

संस्थापकांचे खरे शहाणपण जागा देण्यात नव्हते, ते हिशेबात होते. जनावर वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस खाते आणि दाता सणाला आठवतो, ही अडचण त्यांना पुरती ठाऊक होती. म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने ठरावीक लागा बसवून घेतला. दान मनाच्या लहरीवरून काढून वहीच्या रकान्यात नेऊन बसवले.

टीकाही झाली. जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८९१मध्ये भारतातील माणूस आणि पशू यांच्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात येथील प्राणिदयेविषयी बोचरे शब्द आहेत. गंमत अशी की, हे गृहस्थ मुंबईत ज्या कलाशाळेत शिकवत होते, ती जमशेटजींच्याच देणगीतून उभी राहिली होती. टीकेतला साम्राज्याचा अहंकार बाजूला केला, तरी एक प्रश्न उरतोच : मरू न देणे म्हणजे बरे करणे नव्हे.

ती उणीव परळने भरून काढली. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत १८७४मध्ये स्थापन झाली होती. १८८०च्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय उभारले आणि १८८६मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आश्रयाला औषधाची जोड मिळाली.

भुलेश्वरच्या फाटकाशी संक्रांतीला आजही दात्यांची रीघ लागते. गायीला चारा मिळतो, त्याबरोबर लाडू, पोळ्या, धान्यही. पशुवैद्यकाच्या दृष्टीने धोका येथेच आहे. गायीचे पोट गवतासाठी घडलेले. पिष्टमय अन्न एकदम फार गेले की कोठीपोटात आम्ल वाढते आणि जनावर दगावूही शकते. शंभर दात्यांचा प्रत्येकी एक लाडू दात्याला एकच दिसतो, गायीला शंभर. एका पेंढीची किंमत कार्यालयात भरून पावती घेणारा दाता त्या लागा भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या अधिक जवळचा. घरच्या कुत्र्याचेही तेच : नाताळच्या केकमधले मनुके त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, चॉकलेट विषासारखे बाधते, आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फटाक्यांना भिऊन पळालेले जनावर गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक नसेल, तर सापडणे कठीण.

राहिला मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७मध्ये नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो. पक्षी पहाटे बाहेर पडतात आणि सांजवेळी परततात, नेमके तेव्हाच आकाश पतंगांनी भरलेले असते. मांजात अडकलेला पक्षी ओढून काढू नये. दोरा पक्ष्याजवळ कात्रीने कापावा, पंखात रुतलेला भाग तसाच ठेवावा, भोके पाडलेल्या खोक्यात त्याला अंधारात ठेवून रुग्णालय गाठावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

सुती दोरा पावसात कुजतो. नायलॉनचा कुजत नाही. संक्रांतीला तुटलेला तो पुढच्या संक्रांतीपर्यंत झाडांवर लोंबत राहतो.