पाणी घालणाराच भिजला: १८९५ चा एक मूक विनोदपट

बागेत माळी पाइपने झाडांना पाणी घालतो आहे. मागून एक द्वाड पोरगा हळूच येतो आणि पाइपवर पाय देतो. पाणी बंद! माळी बिचारा पाइपचे तोंड डोळ्यांसमोर धरून बघू लागतो, तेवढ्यात पोरगा पाय काढतो. पुढे काय होते ते सांगायला नकोच. माळ्याची टोपी उडते, तो पोराच्या मागे धावतो, त्याला पकडून चोपतो आणि पुन्हा पाणी घालायला लागतो. संपला सिनेमा. सगळा मिळून जेमतेम पाऊण मिनिटाचा!

फ्रान्सच्या लुई ल्युमिएरने १८९५ मध्ये टिपलेल्या या चित्रफितीचे फ्रेंच नाव 'लारोझर आरोझे', म्हणजे 'पाणी घालणाराच भिजला'. पडद्यावरचा पहिला विनोदी कथापट म्हणून तिची ओळख आहे. माळ्याचे काम फ्रांस्वा क्लेर याने केले. तो ल्युमिएर कुटुंबाचा खराखुराच माळी होता. खोडी मात्र नवी नव्हती. फ्रेंच चित्रकारांनी ती आधीच व्यंगचित्रांच्या मालिकेत रंगवली होती.

ल्युमिएर बंधूंचे यंत्र हाताने दांडा फिरवून चालवायचे. त्यात सुमारे १७ मीटर फिल्म बसे, म्हणून गोष्ट तेवढ्यातच आटपावी लागे. कॅमेरा एका जागी उभा, तो हलणार नाही. आता गंमत बघा. पोरगा पळतो तेव्हा माळी त्याला चौकटीच्या कडेला गाठतो आणि परत ओढत अगदी कॅमेऱ्यासमोर आणतो, मगच मार देतो. खऱ्या रागाने धावलेला माणूस असा परत कशाला येईल? कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार किंवा बाळाचे जेवण यांच्या चित्रफितींत जे आयुष्य चालू होते ते टिपले होते. इथे प्रेक्षकांना दिसावे म्हणून प्रसंग रचला आहे. आमच्या मते या चित्रफितीचे खरे मोल त्या ओढून आणण्यात आहे, पाण्याच्या फवाऱ्यात नाही.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात तिकीट लावून जो प्रसिद्ध खेळ झाला, त्यात १० चित्रफिती होत्या. ही सहावी, तेव्हा नुसत्या 'माळी' या नावाने. तिकीट १ फ्रँक, आणि पहिल्या दिवशी पैसे देऊन आलेले प्रेक्षक ३३. पुढच्याच वर्षी मार्सेलँ ओझोल याने काढलेल्या पोस्टरवर हाच प्रसंग पडद्यावर दिसतो आणि समोर लोक हसताहेत. एखाद्या ठरावीक चित्रपटासाठी काढलेले ते पहिले पोस्टर समजले जाते.

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा पहिला खेळ झाला. त्या दिवशीच्या सहा चित्रफितींत मात्र आपला माळी नव्हता, आगगाडी होती.

नकला पुष्कळ झाल्या. जॉर्ज मेलिएसने १८९६ मध्येच आपली आवृत्ती काढली, आणि १९५७ मध्ये फ्रांस्वा त्रुफोने 'ले मिस्तों' या लघुपटात हीच खोडी पुन्हा घातली.

मूळ चित्रफीत इंटरनेटवर सहज सापडते. भाषेचा प्रश्नच नाही, त्यामुळे मराठी न समजणारी नातवंडे आणि भारतातून आलेले आजी-आजोबा एकत्र बसून पाहू शकतात. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा माळ्याकडे न बघता पोराच्या पायाकडे बघा.