हरळी, वखर आणि वैशाखाचं ऊन

गोल्फच्या मैदानावर वसंतात जिचे सर्वाधिक लाड होतात, ती हरळी बुलढाण्याच्या काळ्या रानात शेतकऱ्याची जुनी वैरीण. १९५६ साली अमेरिकेत टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी हरळीच्या संकरातून ‘टिफग्रीन’ हे मैदानी गवत दिलं. अशी मैदानं वसंतात हिरवी होऊ लागली, की माळी गवत खुरटं कापतात, त्यात उभे काप देतात, वाळू पसरून पाणी सोडतात. पेरापेरातून नवे फुटवे येतात आणि हिरवळ दाटते. घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याकडच्या शेतकऱ्याला या गवताची हीच खोड पुरती ठाऊक होती. त्याने ऋतू तोच धरला आणि काम उलटं केलं.

१८५३ मध्ये बुलढाण्यासह वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. वर्षानुवर्षं नुसत्या वखराच्या पाळ्या आणि नांगर क्वचितच, ही इथली रीत अशा बाहेरच्याला आळसाची वाटावी. तो आळस नव्हता. काळी जमीन उन्हाळ्यात आपणच भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून मिसळते. वखराने काम भागतं. नांगर निघे तो कुंदा गवत आणि हरळी माजल्यावर. बैलांच्या कितीतरी जोड्या जुंपून खोल तास घ्यायचे आणि निघालेल्या ढेकळांना हात लावायचा नाही. वैशाखाच्या उन्हात ढेकळं तापतात, आतली हरळीची पांढरी काशी, म्हणजे जमिनीतलं खोड, वाळते आणि बोटांत धरताच कडकन मोडते. ओल असताना हेच केलं, तर एका काशीचे तुकडे होऊन तितकीच नवी ठाणी उठतात. म्हणजे प्रश्न खोलीपेक्षा वेळेचा होता. १८९३ च्या अहवालात व्होल्कर या इंग्रज तज्ज्ञानेही भारतीय रयतेला शेती कळते, असा निर्वाळा दिला.

मग हरळी संपली का नाही, असं कुणी विचारील. एवढ्या जोड्या गरिबाकडे नव्हत्या. शिवाय बांधावरची हरळी माती धरते, गुरांना चारा देते, गणपतीला दूर्वा देते. ती मुद्दाम राखली जाई आणि तिथून पुन्हा रानात शिरे. किर्लोस्करांच्या १९०३ च्या लोखंडी नांगराने बळ वाढवलं, पण वेळेची जाण शेतकऱ्याचीच. हे सगळं कापसाशीही जोडलेलं आहे: १८७० साली खामगावच्या बाजारापर्यंत रेल्वे आली ती कापसासाठी, आणि कापसाच्या तासांत डवरा सुरळीत चालायला रान स्वच्छ लागतं. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गाठी आणि भावांबरोबर या उन्हाळी नांगरटीचीही नोंद घ्यावी.